आवाज कुठून येतो

माऊस सरकवला की कानात चिर्र व्हायचं,
थांबवला की थांबायचं.
बोर्डासोबत फुकट मिळालेला आवाज तो,
प्रोसेसरला सुटलेली खाजसुद्धा त्यात ऐकू यायची.
आणि ह्या सगळ्याच्या मागे, रात्री खेळायला बसलं की,
एक घुर्र.
जुन्या फ्रिजच्या पोटात असते तशी.

वाशीचा गोगरी नुकतंच दुकान उघडत होता.
अष्टगंधाचं बोट शर्टाला पुसून
त्याने साउंड कार्डचा खोका पुढे केला.
'पावलं ऐकू येतील, साहेब.
मागून कोण येतंय, किती लांब आहे,
कसल्या जमिनीवर चालतंय, सगळं.'
म्हटलं, मला पावलं नकोत, घुर्र घालवायचीय.
'चार हजार आठशेत दोन्ही होईल.'
चार हजार सहाशेत झालं.

रविवारी कॅबिनेट आडवं पाडलं.
पंख्याच्या पात्यांवर रबाळ्याच्या कारखान्यांची
दोन वर्षांची धूळ, तेलकट, बोटाला चिकटणारी.
ग्राफिक्स कार्डाखालची खाच अजून कोरी होती,
सोनेरी दात तिच्यात बसले.
एक स्क्रू हातातून सुटला,
तो अर्ध्या तासाने हर्षलाच्या चपलेत सापडला.
तिने विचारलं, आधीचा आवाज येत नव्हता का?
येत होता.
मग?

मग हेडफोन लावले.
काहीच नाही.
म्हणजे, काहीच नाही
हे पहिल्यांदा ऐकू आलं.
नंतर गवतावरचं पाऊल, पत्र्यावरचं पाऊल,
बंदूक भरताना स्प्रिंगचा शेवटचा उसासा.
घणसोलीच्या सेक्टर सातमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेअकराला
मी एकटाच हसत होतो.

तेवढ्यात घरत बोलला.
कामोठ्याचा हेमराज घरत,
तीन वर्षं माझ्या उजव्या हाताला लढणारा,
एकदाही न भेटलेला.
'डावीकडं हाय, डावीकडं!'
आणि घुर्र परत आली.
तो गप्प झाला, गेली.
बोलला, आली.

मी वायर तपासली, अर्थिंग तपासलं, ड्रायव्हर काढून घातला,
गोगरीला झापायला फोनही लावला, त्याने उचलला नाही.
शेवटी विचारलं, अरे, तुझ्याकडे कूलर चालू असतो का?
'बाबांचं मशीन,' तो म्हणाला,
'हवेतनं ऑक्सिजन काढतं.
डावीकडचा पडला का?'

तीन वर्षं मी माझ्या बोर्डाला बोल लावला.

सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन आहे.
त्यात खूण केली की मागचं सगळं गाळलं जातं,
बोलणं तेवढं उरतं.
बाण त्याच्यापर्यंत नेला एकदा,
मग उठून चहा ठेवला.

आता घरतचा माईक उघडाच असतो,
का, ते मी विचारलं नाही.
परवा कामोठ्यात वीज गेली.
यूपीएसवर त्याचं कॉम्प्युटर तगलं,
मशीनने मात्र लांब शिट्टी धरली,
खुर्ची मागे सरकली, आणि पावलं.
अनवाणी, लादीवरून, उजवीकडे, लांब जाणारी,
एक उंबरा, मग दुसरी लादी, थोडी ओली.
सगळं ऐकू येत होतं.
माझ्या मागच्या पत्र्यावरही कुणीतरी चढलं होतं,
तेही ऐकू येत होतं, चार पावलांवर,
तीन.
मी वळलो नाही.
सिलिंडरला पाना लागल्याचा खण्ण,
त्यानंतर बारीक फुस्स,
आणि कुणीतरी म्हातारं खोकलं,
खोकून काहीतरी म्हणालं,
बहुधा शिवी.

खुर्ची पुन्हा कुरकुरली.
'पडलास?' घरतने विचारलं.
पडलो.
'कुठून आला?'
मागून.
'एवढं कार्ड घेतलंस, ऐकू नाय आला?'
आला होता, म्हटलं.